कोपरगावात जुना डिजिटल रेंजफाइंडर: काय करावे, काय टाळावे

हे नियम एप्सन आर-डी१ (२००४), लायका एम८ (२००६) आणि लायका एम९ (२००९) या कॅमेऱ्यांसाठी आहेत. जिथे कॅमेऱ्याचे नाव नाही तिथे नियम तिन्हींना लागू.

काय करावे

विकत घेताना

• एम९ने एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि संगणकावर पूर्ण मोठा करून पाहा. सेन्सरची काच गंजली असेल तर उजळ वलयाचे ठिपके दिसतात.

• एम९चा सेन्सर बदलल्याची पावती मागा. गंजलेली काच पुसून सुधारत नाही आणि बदली सेन्सरचा पुरवठा संपला आहे.

• एम८चा मागचा पडदा उजेडात तिरका धरा. कोपऱ्यात तपकिरी डाग पसरला असेल तर तो पडदा बदलून मिळण्याची आशा धरू नका.

• आर-डी१च्या व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा वर-खाली सरकलेल्या नाहीत ना, हे आधी पाहा.

• प्रत्येक शटर स्पीडवर एक फोटो काढा, सर्वांत वेगवान स्पीडवर दोन.

• बॅटरी, चार्जर आणि एम८-एम९ची तळपट्टी मूळची आहे का ते पाहूनच पैसे द्या.

निघण्यापूर्वी

• लेन्स अनंतावर नेऊन किलोमीटरभर लांबची साखर कारखान्याची चिमणी किंवा गावची पाण्याची टाकी पाहा. दोन प्रतिमा एकावर एक तंतोतंत बसल्या पाहिजेत.

• ही तपासणी सकाळी लवकर करा. दुपारी तापलेल्या हवेच्या लहरींत चिमणीची कडा हलते.

• मग एक मीटरवर तिरके धरलेले वर्तमानपत्र पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर टिपा; ज्या ओळीवर फोकस केला तीच ओळ स्वच्छ वाचता आली पाहिजे.

• जुळणी बिघडलेली दिसली तर त्या दिवशी एफ/८ वर अंतराचा अंदाज घेऊन काम करा आणि नंतर कॅमेरा जाणकाराकडे द्या.

• कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

• आर-डी१मध्ये २ जीबीपर्यंतचे साधे एसडी कार्ड घाला. एम८ आणि एम९मध्ये फर्मवेअर अद्ययावत करून ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी.

• रॉ फाइलच निवडा. एम९वर अनकॉम्प्रेस्ड डीएनजी घ्या, फाइल साधारण ३६ एमबीची होते पण सावल्यांत जास्त तपशील हाती राहतो.

• तारीख आणि वेळ तपासा; बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की जुन्या कॅमेऱ्याचे घड्याळ मागे जाते.

• दोन भरलेल्या बॅटऱ्या घ्या, दुसरी शर्टाच्या आतल्या खिशात.

• एम८च्या प्रत्येक लेन्सवर यूव्ही-आयआर फिल्टर लावा. तो नसेल तर वकिलांचे काळे कोट, बुरखे आणि नायलॉनची दप्तरे जांभळट दिसतात आणि उसाचे हिरवे पान पिवळसर.

• हा फिल्टर रुंद लेन्सवर असेल तर मेन्यूत लेन्सची ओळख आणि फिल्टरची नोंद चालू करा, नाहीतर कोपरे निळसर-हिरवे होतात.

• पिशवीत रबरी हवा-पंप, मऊ सुती कापड, चेन लागणारी प्लॅस्टिकची पिशवी आणि मोठे उपरणे ठेवा.

फोकस

• उभी, ठळक कडा शोधा: टोपीची बाजू, दाराची चौकट, बैलगाडीचा खुंट.

• कडा आडव्याच असतील तर कॅमेरा उभा फिरवून फोकस करा, मग पुन्हा आडवा धरा.

• माणूस तीन मीटरवर असेल आणि लेन्स ३५ मिमीची, तर एफ/८ वर रिंग ३ मीटरवर ठेवा. साधारण दोन ते पाच मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते.

• लेन्सवर कोरलेल्या खोलीच्या खुणा एक पायरी कडक धरा, एफ/८ असेल तर एफ/५.६च्या खुणा वाचा. त्या फिल्मच्या काळातल्या आहेत आणि सेन्सर त्याहून काटेकोर.

• फोटो झाला की रिंग पुन्हा ३ मीटरवर आणा, म्हणजे पुढच्या वेळी बोटाला दिशा शोधावी लागत नाही.

• चेहरा जवळ असेल तर जवळच्या डोळ्यावर फोकस करा.

• शेवटची दुरुस्ती अंगाने करा, रिंगने नको: श्वास रोखून एखादा इंच पुढे-मागे व्हा.

• उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला लावा आणि डावा उघडा ठेवा. चौकटीत कोण येतेय ते आधी कळते.

• चौकटीच्या रेषा जवळच्या अंतरासाठी आखलेल्या असतात, एम८मध्ये ७० सेंटिमीटरसाठी आणि एम९मध्ये एक मीटरसाठी. दूरच्या फोटोत रेषेबाहेरचेही येते, म्हणून एक पाऊल पुढे व्हा.

• लेन्सचा खरा आवाका लक्षात ठेवा: २८ मिमी लेन्स एम८वर ३७ची होते आणि आर-डी१वर जवळजवळ ४३ची, एम९वर ती २८चीच राहते.

उजेड

• सावली काळी पडली तरी चालेल, मोजणी पांढऱ्या रंगावर करा. धोतर, टोपी आणि नदीची वाळू एकदा फुटली की या सेन्सरवर परत येत नाही.

• भर दुपारी एम८ आणि एम९वर आयएसओ १६० ला एफ/८ आणि १/५०० पासून सुरुवात करा; समोर पांढऱ्या टोप्यांची रांग असेल तर १/१०००.

• एम८ आणि एम९वर ऑटोमध्ये शटर अर्धे दाबून मोजणी धरा, मग चौकट जुळवा. हा मीटर मध्यभागावर जास्त भर देतो.

• कडक उन्हात एफ/२ हवा असेल तर एनडी फिल्टर लावा. एम९चे शटर १/४००० ला थांबते, आर-डी१चे १/२००० ला.

• एम८ आणि एम९वर आयएसओ ६४० पर्यंत राहा आणि कमी उजेडातला फोटो नंतर संगणकावर उजळवा. त्यावरच्या आयएसओला सावल्यांत पट्टे उमटतात.

• संध्याकाळी ३५ मिमी लेन्स १/३० वर हातात धरा; आरसा नसल्याने धक्का बसत नाही, फक्त कोपर छातीला टेकवा.

• एम८ आणि एम९वर व्हाइट बॅलन्स स्वतः लावा: उन्हात ५२०० केल्विनच्या आसपास, ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर मोजून.

• पडद्यावरच्या चित्रापेक्षा हिस्टोग्राम पाहा. एम८ आणि एम९च्या पडद्यावर फक्त २ लाख ३० हजार ठिपके आहेत.

ऊसतोड आणि कारखाना

• गाळप हंगामात तोडीच्या फडावर पहाटेच पोहोचा. ऊन चढायच्या आत कोयता, मोळी आणि गाडी एकाच तिरक्या उजेडात मिळते.

• आधी मुकादमाला भेटा, मग तोडणाऱ्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र विचारा. मुकादमाची परवानगी म्हणजे त्यांची परवानगी नव्हे.

• कॅमेरा गळ्यात ठेवून आधी एक-दोन गाड्या भरताना पाहा, कामाचा ताल समजतो.

• कोयत्यापासून तीन मीटर दूर राहा, तोडणाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, कधीही पुढे नाही.

• बैलगाड्या कारखान्याच्या रस्त्याला लागल्या की सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. धुळीत समोरचा उजेड पडला तर मीटर फसतो.

• संजीवनी किंवा कोळपेवाडीच्या कारखान्यात जायचे असेल तर गेटवर लेखी परवानगी घेऊन, हेल्मेट घालून आणि सोबत कारखान्याचा माणूस घेऊनच जा.

• गव्हाणीजवळ आणि भुसा उडतो तिथे उपरण्याने कॅमेरा झाका, फोटोपुरताच बाहेर काढा.

• झालेल्या फोटोंच्या प्रती मजुरांपर्यंत पोहोचवा. टोळी हंगाम संपताच गावाकडे परतते, म्हणून त्याच आठवड्यात.

नदी, बेट, मंदिरे

• पावसाळ्यात घाटाकडे निघण्याआधी नांदूर मधमेश्वरमधून किती विसर्ग सुरू आहे ते पाहा. गोदावरीला पाणी तिथून येते.

• थंडीत नदीकाठी पहाटे धुके असेल तर लेन्स पिशवीतच थंड होऊ द्या, मग उघडा.

• कोपरगाव बेटातल्या गुरू शुक्राचार्य मंदिरात लग्न असेल तर वराकडच्या किंवा वधूकडच्या मोठ्यांना विचारून मंडपाच्या कडेला उभे राहा.

• राघोबादादांच्या वाड्यात एफ/२ आणि १/६० लावून दारातून येणाऱ्या उजेडाच्या काठावर माणूस उभा करा. लाकडाचे नक्षीकाम त्याच पट्ट्यात उमटते.

• कोकमठाणच्या जुन्या महादेव मंदिराचे कोरीव काम सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात टिपा. दुपारी दगड सपाट दिसतो.

• कीर्तन आणि सप्ताहात एम९चे डिस्क्रीट शटर लावा. बटण सोडेपर्यंत शटर पुन्हा चढण्याचा आवाज थांबतो. आर-डी१चा हाताचा लीव्हर टाळ वाजत असताना ओढा.

बाजार, स्टेशन, माणसे

• नजर मिळवा, हात जोडा, मग कॅमेरा उचला. वयस्क बाईंना आजी किंवा मावशी, बुवांना काका म्हणा.

• बाजार समितीतल्या कांद्याच्या लिलावात आधी हमालांशी बोला, व्यापाऱ्यांशी नंतर. जागा हमालांना माहीत असते.

• कोपरगाव स्टेशनवर कामासाठी फोटो काढायचे असतील तर स्टेशन मास्तरांना भेटून रेल्वेची परवानगी मागा.

• फोटोखाली गाव, महिना आणि काम लिहा. जिल्हा अहिल्यानगर लिहा, शोधासाठी अहमदनगरही ठेवा.

• फोटो नको म्हणणाऱ्याला लगेच हसून सोडा.

परतल्यावर

• एम८ आणि एम९ची तळपट्टी उघडण्याआधी कॅमेरा बाहेरून झाडा. कार्ड आणि बॅटरी तिच्याखालीच आहेत.

• तळपट्टी खिशात ठेवा.

• फाइली दोन ठिकाणी उतरवा, मगच कार्ड पुसा.

• महिन्यातून एकदा एफ/१६ वर आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ आणि एम९ची काच पाहा.

• सेन्सर साफ करताना बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या आणि फक्त हवा-पंप वापरा. शटर मधेच बंद झाले तर पात्यांना इजा होते.

• लेन्स आणि कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, जेल दर पावसाळ्यात बदला.

काय टाळावे

विकत घेताना

• फक्त पुढून काढलेल्या फोटोंवर एम९ घेऊ नका; गंज बाहेरून दिसत नाही.

• दडवलेल्या सर्व्हिस मेन्यूतले आकडे बदलू नका, पाहायचे असतील तर पाहून बाहेर या.

• सुट्या भागांची चौकशी न करता आर-डी१ घेऊ नका.

• ९० आणि १३५ मिमीच्या लेन्सवर आधी खर्च करू नका. लहान चौकटीत फोकस चुकण्याची शक्यता मोठी.

निघण्यापूर्वी

• कॅमेरा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. खड्ड्यातल्या धक्क्यांनी रेंजफाइंडरची जुळणी ढळते.

• एसटीच्या वरच्या फळीवरही नको, मांडीवर घ्या.

• बंद गाडीच्या काचेमागे सोडू नका, एप्रिल-मेमध्ये तर पाच मिनिटेही नाही.

• एम९वर यूव्ही-आयआर फिल्टर लावू नका; त्याच्या सेन्सरला गरज नाही आणि रुंद लेन्सचे कोपरे बिघडतात.

• अनोळखी कंपनीच्या बॅटऱ्या घेऊ नका, फुगलेली बॅटरी तर कॅमेऱ्यात घालूच नका.

• कार्ड संगणकावर फॉरमॅट करू नका.

फोकस

• लेन्सचे झाकण लावलेले विसरू नका. व्ह्यूफाइंडरमधून सारे नेहमीसारखेच दिसते.

• रेंजफाइंडरच्या छोट्या खिडकीवर बोट ठेवू नका.

• ७० सेंटिमीटरच्या आत फोटोचा हट्ट धरू नका.

• लेन्सला रुंद हुड लावू नका, तो चौकटीचा कोपरा खातो. फटी असलेला चालतो.

• फोकस करून मग चौकट बदलण्यासाठी कॅमेरा मोठ्या कोनात फिरवू नका. उघड्या अ‍ॅपर्चरवर डोळा मऊ होतो.

• चालत्या बैलगाडीमागे रिंग फिरवत बसू नका. रस्त्यावरच्या एका जागेवर फोकस करून गाडी तिथे येऊ द्या.

• मागच्या पडद्यावर पाहून फोकस बरोबर असल्याचे ठरवू नका.

• चष्म्याची काच धातूच्या कडेवर घासू देऊ नका, रबरी कडा लावा.

उजेड

• सावली वाचवण्यासाठी आकाश फोडू नका.

• एम८ आणि एम९वर आयएसओ २५०० गरजेशिवाय, केवळ सवयीने लावू नका.

• एम८ची डीएनजी ८ बिटची आहे, तिच्यावर नंतर दोन स्टॉप वाढवायच्या भरवशावर काढू नका.

• सूर्याकडे कॅमेरा धरून लेन्स उघडी ठेवून चालू नका.

• फ्लॅशसाठी सिंकची मर्यादा ओलांडू नका: एम८ला १/२५०, एम९ला १/१८०, आर-डी१ला १/१२५.

• एम८ आणि एम९वर सलग सात-आठ फोटो झाल्यावर बटण दाबत राहू नका. बफर भरला की कॅमेरा थांबतो आणि नेमका क्षण जातो.

• लाल दिवा लुकलुकत असताना कॅमेरा बंद करू नका, बॅटरी तर काढूच नका.

ऊसतोड आणि कारखाना

• कोप्यांत डोकावून फोटो काढू नका. ती घरे आहेत.

• लहान मुलांच्या हातात कोयता देऊन किंवा डोक्यावर मोळी ठेवून प्रसंग मांडू नका.

• थकलेल्या बाईंना पुन्हा वाकायला, पुन्हा मोळी उचलायला सांगू नका.

• फोटोच्या बदल्यात पैसे मोजू नका, जेवणाच्या वेळी फडावर काही नेले तर सगळ्यांपुरते न्या.

• लेन्स फडावर बदलू नका. पाचटाचा भुगा थेट सेन्सरवर बसतो. गाडीच्या दाराआड किंवा घरात बदला.

• चालत्या गव्हाणीवर, पट्ट्यावर किंवा ट्रॉलीच्या मागे वाकू नका.

• बैलांच्या तोंडाजवळ अचानक जाऊ नका.

• वजनकाट्याजवळ रांगेत उभ्या ट्रॅक्टरांमधून फोटोसाठी वाट काढू नका.

नदी, बेट, मंदिरे

• घाटावर दशक्रिया सुरू असेल तर कॅमेरा खाली ठेवा. पिशवीत, गळ्यात नाही.

• आंघोळ करणाऱ्या बायाबापड्यांचे फोटो काढू नका, लांबूनही नाही.

• विसर्ग वाढल्याची सूचना आली की पायऱ्यांच्या खालच्या टप्प्यावर उतरू नका.

• गाभाऱ्यात पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा उंचावू नका.

• जुन्या दगडावर तिपाईचे टोक रुतवू नका, आणि कोरीव मूर्तीवर कॅमेरा टेकवू नका.

• शिर्डीला पुढे जाणार असाल तर मंदिरात कॅमेरा नेऊ नका, तिथे बंदी आहे. आधीच सुरक्षित जागी ठेवून जा.

• काकडी गावातल्या विमानतळावर सुरक्षेच्या भागाकडे लेन्स वळवू नका.

बाजार, स्टेशन, माणसे

• लहान कॅमेरा आहे म्हणून लपवून फोटो काढू नका.

• कमरेजवळून नेम धरू नका. चौकट तर फसतेच, समोरच्याचा विश्वासही जातो.

• आई-वडिलांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे टिपू नका.

• रुळांवर उतरून फोटो काढू नका. दौंड-मनमाड मार्गावर गाड्या वेगात येतात.

• समृद्धी महामार्गावर फोटोसाठी गाडी थांबवू नका.

• सौदा चालू असताना व्यापाऱ्याच्या हाताच्या आड येऊ नका.

• माणसाचे नाव त्याने सांगितल्याखेरीज फोटोखाली घालू नका.

परतल्यावर

• सेन्सरवर डब्यातली दाबलेली हवा मारू नका, ओठांनी फुंकरही नको.

• ओली पुसणी स्वतः शिकत करू नका. एम९ची काच आधीच नाजूक आहे.

• कातडी केसमध्ये कॅमेरा ठेवून पावसाळा काढू नका. ओलावा कातड्यात राहतो आणि लेन्सला बुरशी लागते.

• बॅटरी आत ठेवून कॅमेरा महिनोन्‌महिने बंद ठेवू नका.

• पट्टा, केस आणि बॅटऱ्यांच्या डब्यांवर आधी पैसे घालू नका. पहिले पैसे जुळणी तपासण्यासाठी ठेवा.

• हवेत धूळ असताना तळपट्टी उघडू नका.